म्हाताऱ्या घोडीचं डोहाळजेवण

आमच्या घोडीला दिवस गेलेत हे कळलं तेव्हा मला शिसारी आली ती आमच्याच घरातल्या माणसांची. घोडी म्हातारी होती. पाठ खाली वाकलेली, डोळ्यांवरचे खळगे आत गेलेले, दाढा झिजून सपाट झालेल्या. कडबा तिला चावायचा नाही. चघळून चघळून ती त्याचे ओले बोळे गोठ्याच्या दारात टाकायची, आणि ते बुळबुळीत बोळे रोज सकाळी मी उचलायचे. सासऱ्यांनी ती घेतली होती गावच्या जत्रेत पालखीपुढं चालवायला. सासरे गेल्यावर ती धाकट्या दिराच्या हातात गेली, आणि त्यानं तिला लग्नांना लावली. आमच्या भागात लग्नाआधी नवरदेवाला घोडीवर बसवून मारुतीच्या दर्शनाला नेतात, त्याला परण्या म्हणतात. विंझरपासून भोरपर्यंत किती नवरदेव तिच्या पाठीवर बसले असतील त्याला मोजमाप नाही. पुढं दिरानं दुसरी तरणी घोडी आणली आणि ही माझ्या वाट्याला आली. नवरा एसटीत ड्रायव्हर, भोरला ड्युटी, त्यामुळं घर, गोठा आणि घोडी सगळं माझ्याच गळ्यात.

दिवाळी झाली की मेंढपाळ कोकणाकडं निघतात. वाटेत ज्याच्या रानात त्यांची मेंढरं रात्रीची बसतात, त्याच्या रानाला खत मिळतं, त्यांना धान्य मिळतं. त्या वर्षी दिरानं आमच्या रानात मेंढरं बसवली. त्यांचा संसार तट्टांच्या पाठीवर, आणि त्यातलं एक तट्टू नर होतं, ठेंगणं, तपकिरी आणि भारी वांड. आल्यापासून ते वरचा ओठ उचलून आमच्या गोठ्याकडं बघत होतं. मी दिराला म्हटलं, "भावजी, घोडी आत घ्या आणि दाराला कडी घाला. मला त्या तट्टाचं लक्षण ठीक दिसत न्हाई."

चार माणसं शेकोटीला बसली होती. दीर त्यांच्यादेखत म्हणाला, "वयनी, तिचं वय ऱ्हायलंय का आता?" आणि सगळे हसले. बायकामाणसासमोर हसू नये तसं हसले. मी घोडी स्वतः आत बांधली. सकाळी पाहिलं तर ती बाहेर लिंबाखाली उभी, मानेवर चावल्याच्या खुणा, आणि तट्टू तिच्याशेजारी दोर तुटलेल्या अवस्थेत झोपा काढतंय. पहाटे कुणीतरी घोडीला पाण्यावर न्यायला सोडली होती आणि तशीच मोकळी ठेवली होती. कुणी ते आजतागायत कबूल केलेलं नाही. दिरानं तट्टाला दोन शिव्या घातल्या आणि विषय संपला.

तेव्हाच डॉक्टरला बोलावलं असतं तर पहिल्या काही आठवड्यांत एका इंजेक्शनवर भागलं असतं. हे मला फार उशिरा कळलं. घोडीचं पोट पुढं सुटायला लागलं तेव्हा दीर म्हणाला, गवताचं पोट आहे. मग म्हणाला, जंत झालेत. त्यानं जंताचं औषध आणून तिच्या तोंडात कोंबलं. अंग वाळत चाललंय आणि पोट वाढतंय, हे बघून बाईमाणसाला जे कळतं ते मला कळत होतं. मी बोललेही. पण घरात माझ्या बोलण्याला तेवढीच किंमत, जेवढी कुकरच्या शिटीला असते.

वैशाखात दिराची तरणी घोडी लंगडली आणि नेमकी भोरकडच्या एका लग्नाची तारीख आली. दिरानं या म्हातारीला धुतली, जरीची झूल घातली, कपाळावर आरशांचा पट्टा बांधला आणि टेम्पोत चढवली. मी आडवी आले तर म्हणाला, "वयनी, तासाभराचं काम हाय." त्या परण्यात डीजेच्या भिंतीपुढं घोडी थांबली ती थांबलीच. मागून कुणी शेपटी पिरगाळली, पुढून कुणी लगाम ओढला. मग तिचे पुढचे गुडघे दुमडले आणि नवरदेव फेट्यासकट खाली उतरला. उतरला म्हणजे पडलाच. लोकांनी त्याचाही व्हिडिओ काढला. तो मी पाहिला आहे. त्यात नवरदेवाचं धोतर कुणी सावरलं ते दिसतं, घोडीला कुणी उठवलं ते दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून त्यांनी हात घातला आणि आत चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "गाभण आहे. सहा महिने तरी झालेत."

दीर म्हणाला, "मग काढून टाका की."

"आता काढायला गेलो तर घोडी जाईल. आणि ठेवलं तरी जाणार नाही असं मी सांगू शकत नाही. वय बघा तिचं." डॉक्टर माझ्याकडं वळले, कारण घमेलं माझ्या हातात होतं. हरभरा आणि गव्हाचा कोंडा भिजवून द्या, म्हणाले, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. लसूणघासाचा हिरवा चारा बारीक कापून घाला. रोज सपाटीवर सावकाश फिरवा. पाठीवर आता कुणी बसायचं नाही. आणि घरातलं उरलंसुरलं, गोडधोड, शिळ्या भाकऱ्या काही म्हणजे काही घालू नका, तिचं पोट आता दुखणं सोसणार नाही. एवढं सांगून ते गेले. घोडी जगवायची, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. तिच्या पोटातल्याचं मला काही पडलं नव्हतं, हे खरं सांगते.

मी ते सगळं केलं. पावसाळ्यात आमच्याकडं चिखल म्हणजे नुसता रेंदा असतो, त्यातून मी तिला रोज डांबरी रस्त्यापर्यंत नेऊन आणत होते. वेल्ह्याकडं जाणाऱ्या गाड्यांतली पोरं काच खाली करून ओरडायची. तोरण्याला फिरायला येणारी शहरातली माणसं गाडी थांबवून म्हणायची, "किती गोंडस! फोटो काढू का?" तिची हाडं दिसत होती, शेपटीखाली लीद वाळलेली होती, डोळ्यांच्या कडांना माश्या होत्या. यात गोंडस काय, ते त्यांनाच ठाऊक.

श्रावण लागला आणि खरी घाण सुरू झाली. त्या पडलेल्या नवरदेवाची आई फळांची करंडी घेऊन आमच्या दारात उतरली. मला वाटलं, भांडायला आली. तर तिनं माझी ओटीच भरली. तिच्या सुनेला दिवस गेले होते. लग्नाला तीन महिने झाले न झाले तोच! गाभण घोडीवर नवरदेव बसला म्हणून हे घडलं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. "तुमच्या घोडीचा पायगुण," ती म्हणाली, आणि गोठ्यात जाऊन घोडीच्या पायावर डोकं टेकवलं. घोडीनं तेव्हाच मुतायला घेतलं. बाई बाजूला झाली, पण नाराज झाली नाही. तोही शुभशकुनच असावा.

घोडीला सवाष्ण म्हणून जेवू घालायचं, असा तिनं नवस केला होता. श्रावणी शुक्रवारी आमच्याकडं पोराबाळांच्या सुखासाठी जिवतीची पूजा करतात आणि एखाद्या सवाष्णीला पुरणाचं जेवण घालतात. त्या दिवशी ती सवाष्ण आमची घोडी असणार होती, आणि गरवार म्हणून तिचं डोहाळजेवणही त्याच दिवशी उरकायचं होतं. मी म्हटलं, "अवो, सवाष्ण म्हंजी नवरा जिता पायजे. हिचा नवरा कुठल्या मेंढरामागं फिरतोय ते तरी ठावं हाय का?" ती हसली नाही. दीर मात्र हसला, आणि हो म्हणाला. माझ्याशी एक शब्द न बोलता हो म्हणाला. गाभण घोडीची गोष्ट भोरच्या बाजारापर्यंत गेली होती, पुढच्या हंगामासाठी त्याला आत्तापासूनच फोन येत होते, आणि गोठ्यातल्या हाडांच्या सापळ्याची एकाएकी देवी झाली होती.

शुक्रवारी दोन जीप भरून बायका आल्या. घोडीच्या पाठीवर हिरवं लुगडं टाकलं. गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला मळवट, आयाळीत गजरा. पोटाला खण लावून तो सुतळीनं बांधला. गरम होत होतं, घोडीला घाम आला होता, घामात कुंकू मिसळून तिच्या नाकाडावरून लाल ओघळ गळत होते, आणि त्यावर घोंघावणाऱ्या माश्या हाकलत बायका ओव्या म्हणत होत्या. एकीनं मोबाईल उंच धरला होता. दुसरी म्हणत होती, "अगं, तिचं तोंड इकडं कर, तोंड!" प्रत्येकीला पोटाला हात लावायचा होता. हात लावून तोच हात त्या आपल्या पोटाला लावत होत्या. मला तिथंच ओकारी येईल असं वाटलं.

नव्या सुनेला त्यांनी घोडीशेजारी पाटावर बसवलं होतं. असेल वीस-एकवीस वर्षांची. हिरवा चुडा, चेहरा पांढरा पडलेला. तिला त्या वासानं मळमळत होतं, ते दिसत होतं, पण तिच्याकडं बघतंय कोण? शेवटी ती पदर तोंडाला लावून उठली आणि गोठ्यामागं उकिरड्यापाशी बसून ओकली. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. चूळ भरून झाल्यावर ती म्हणाली, "काकू, लई म्हातारी हाय ओ ती. झेपंल का तिला?" एवढ्या गर्दीत घोडीबद्दल कुणी काही विचारलं असेल तर ते तिनंच.

मी म्हटलं, "बघू. तू कशाला जिवाला लावून घेतीस?"

"सासूबाई म्हणत्यात, घोडीला जे हुईल त्येच मला हुनार," ती म्हणाली. "नर झाला तर पोरगा. मादी झाली तर..." पुढचं तिनं सोडून दिलं.

मी तांब्या धरून तशीच उभी राहिले. एवढा सगळा मळवट, ओव्या, लुगडं कशासाठी, ते आत्ता माझ्या टाळक्यात शिरलं. सोनोग्राफीत मुलगा का मुलगी ते सांगायला कायद्यानं बंदी, म्हणून ही माणसं माझ्या घोडीच्या पोटात डोकावत होती. तिची मशीन केली होती त्यांनी. मला त्या बाईची, त्या ओव्यांची, त्या हिरव्या खणाची इतकी किळस आली की मी पुढं जाऊन तो खण ओढून काढणार होते. पण तेवढ्यात बायकांचा गलका झाला. घोडीनं पुरणपोळी खाल्ली होती.

पहिली नवरदेवाच्या आईनं भरवली. मग सगळ्याच भरवायला लागल्या. पोळ्या, लाडू, खोबरं, गूळ. आयुष्यभर कडबा चघळलेलं जनावर, ते कशाला नको म्हणतंय? मी ओरडले, "बास करा! डॉक्टर नको म्हणल्यात." एक म्हणाली, "आज तिचा मान हाय." दुसरी म्हणाली, "गरवार बाईला न्हाई म्हनू नये." आणि दिरानं माझ्या हाताला धरून मला बाजूला घेतलं. "वयनी, पाव्हणी हायेत. उगं तमाशा नको." तमाशा मी करत होते म्हणे.

जीपा गेल्यावर तासाभरात घोडी पायानं जमीन उकरायला लागली. मान वळवून वळवून आपल्या कुशीकडं बघू लागली. मग घामानं भिजली आणि लोळायला बसली. दिराचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. डॉक्टर आले, त्यांनी नाकातून नळी घालून तेल पाजलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. "लोळू देऊ नका, चालवत राहा," म्हणाले. मी पुढून आणि दीर मागून, असं आम्ही तिला अंगणात फिरवत राहिलो. हिरवं लुगडं तिच्या पायात येत होतं, ते मी काढून उकिरड्यावर फेकलं. अंधार पडता पडता तिनं पातळ, आंबूस, गुळाच्या वासाची लीद टाकली आणि डॉक्टर म्हणाले, "सुटली." माझ्या साडीवर, हातावर, केसांत ती लीद उडाली होती. दीर म्हणाला, "वयनी, चुकलंच." मी त्याला म्हटलं, "तुमच्याशी बोलायची सुद्धा मला घाण वाटती." आणि दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप घातलं. त्यानंतर नारळ घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला मी रस्त्यावरूनच परत पाठवलं. लसूणघास कापायला दीरच बसू लागला, पण मी त्याच्याशी पुष्कळ दिवस धड बोलले नाही.

दसरा झाला. घोडीच्या सडांच्या टोकाशी मेणासारखे पिवळट थेंब जमले. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, हे दिसलं की कधीही होईल. एके दिवशी उजाडता उजाडता मी म्हशीची धार काढायला गेले, तर ती आडवी झाली होती आणि पाणी फुटलं होतं. मी दिराला हाक मारली. दोन खुर दिसत होते, एक पुढं, एक जरा मागं, त्यावर पांढुरकी पिशवी. बरोबर येत होतं. पण घोडीच्या अंगात कळ द्यायला जोर उरला नव्हता. एक कळ द्यायची आणि मान टाकून पडून राहायची. डॉक्टर फोनवर होते. ती कळ देईल तेव्हाच ओढा, म्हणाले, आणि खालच्या बाजूला, तिच्या मागच्या पायांकडं. ती थांबली की तुम्ही थांबा.

आम्ही दोघं चिखलात, शेणात, त्या पाण्यात बसलो होतो. दिराच्या हातात एक पाय, माझ्या हातात एक. हात निसटायचे म्हणून आम्ही फडकी गुंडाळली. दीर घोडीशी बोलत होता, "चल माझ्या आई, चल, अजून एकदा." असं बोलताना मी त्याला पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. मग ती लांब कण्हली आणि शिंगरू सगळंच्या सगळं आमच्या मांडीवर आलं. ओलं, तपकिरी, त्या वांड तट्टाचंच तोंड घेऊन आलेलं. मी त्याच्या नाकातला चिकटा बोटानं काढला. ते शिंकलं.

पण शिंगरामागून पडायची ती वार काही पडेना. शिंगरू लडखडत उभं राहिलं, धडपडत सडापर्यंत गेलं, प्यायलं, तरी वार लोंबतच होती. ओढायची नाही, पायाखाली येऊ द्यायची नाही, म्हणून मी ती वर गुंडाळून सुतळीनं बांधली. घोडी थरथरत होती. मी तिच्या तोंडाशी गुळगुळीत भिजवलेला कोंडा धरला, तिनं नुसता वास घेतला. डॉक्टर येऊन इंजेक्शनं देऊन, सलाईन लावून बसले. उन्हं चांगली वर आल्यावर वार पडली. ती घमेल्यात घेऊन मी अंगणात पसरली, कुठं तुकडा आत राहिला तर घोडी सडून मरेल म्हणून टोकापासून टोकापर्यंत हात फिरवून बघितली. अख्खी होती. रक्तानं माझे हात कोपरापर्यंत भरले होते आणि मला कशाचीही किळस आली नाही. इतक्या महिन्यांत तो एकच दिवस तसा होता.

तेवढ्यात दिराचा फोन वाजला. त्यानं शिंगराच्या नुसत्या तोंडाचा फोटो स्टेटसला ठेवला होता. तो माझ्याकडं बघत म्हणाला, "वयनी, त्यांचा हाय. काय सांगू?" मी हात साडीला पुसून फोन घेतला.

"झालं म्हनं! काय झालं?" नवरदेवाची आई विचारत होती.

"घोडी जगली," मी म्हणाले.

"ती जगनारच ओ. काय झालं?"

"वार पडायला लई वेळ लागला. सलाईन लावलंय."

"अवो, नर का मादी?"

"ते मी सांगणार न्हाई," मी म्हणाले. "आणि बघायला येऊ नका. फाटकाला कुलूप हाय." ती बरंच काही बोलली. माझ्या जिभेवरही पुष्कळ आलं होतं, पण घोडीचं सलाईन संपत आलं होतं, म्हणून मी फोन ठेवला. दीर म्हणाला, "मी बी न्हाई सांगायचो." त्यानं तो फोटोही काढून टाकला.

दुपारी अनोळखी नंबरवरून माझ्या मोबाईलवर फोन आला. मागं कुठंतरी नळ सोडलेला ऐकू येत होता, आणि त्याआडून कुणी हळू बोलत होतं. मला ओळखायला वेळ लागला.

"काकू, घोडी वाचली का?"

"वाचली गं," मी म्हणाले.

"लई तरास झाला का तिला?"

मी खोटं बोलणार होते. पण तिनं जसं विचारलं, त्यावर खोटं बोलवेना. "झाला," मी म्हणाले. "पण आमी जवळ होतो. आता ती उभी हाय."

नळाचं पाणी वाहत होतं. मग कुणाची तरी हाक आली, तशी ती घाईघाईनं म्हणाली, "काय झालं ते मला पन सांगू नका हां, काकू," आणि तिनं फोन बंद केला.